तुम्ही गाळलेलं प्रकरण

सर, तुम्हाला जाऊन आज दोन महिने झाले. दहाव्याला पिंड ठेवला न ठेवला तोच कावळा शिवला, असं माई सांगत होत्या आणि सांगता सांगता रडत होत्या. कावळा थोडा अडेल, मग आपण हात जोडून काहीतरी कबूल करू, असं माईंना, तुमच्या बहिणीला, वाटलं होतं. काही कबूल करावं लागलं नाही. मला नवल वाटलं नाही. कशात जीव अडकवून ठेवायचा नाही, हा तुमचा स्वभावच होता.

कॉलेजात शोकसभा झाली. प्राचार्यांनी तुमचा विषय चुकीचा सांगितला, शेतीचे प्रश्न शिकवायचे म्हणाले. मी दुसऱ्या रांगेत होते. दुरुस्त करता आलं असतं, केलं नाही. मग एकेक जण उठून तुम्ही किती प्रेमळ होता ते सांगू लागला. तुम्ही प्रेमळ नव्हता, सर. प्रेमळ माणसाचा मला राग आला नसता आणि त्याच्याकडून मी काही शिकलेही नसते. माझं नाव पुकारलं तेव्हा घसा बसलाय अशी खूण करून मी बसून राहिले. जे सांगायचं होतं ते हार घातलेल्या फोटोसमोर सांगण्यासारखं नव्हतं.

पासष्ट सालच्या दुष्काळाचं वर्ष होतं. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. सोलापूरच्या पूर्व भागातल्या विणकरांच्या गल्लीतून तुमच्या वर्गात आलेली मी एकटीच. घरात तेलुगू, शाळेत मराठी आणि तुमच्या वर्गात इंग्रजी. आर्थिक विचारांचा इतिहास हा तुमचा पेपर. पहिल्याच तासाला तुम्ही विचारलंत, ‘गरीब माणूस गरीब का असतो?’ कोणी म्हणालं आळशीपणामुळे, कोणी म्हणालं त्यांना पोरं फार होतात, कोणी म्हणालं एकाला वर चढायचं तर दुसऱ्याला खाली राहावंच लागतं. तुम्ही प्रत्येकाचं उत्तर ऐकून घेतलंत आणि प्रत्येकाला सांगत गेलात की हे वाक्य तुझं नाही. हे इंग्लंडातल्या एका पाद्र्याचं. हे त्याच्याही आधीच्या, सोनं साठवून ठेवणाऱ्या व्यापाऱ्यांचं. ‘ही माणसं मरून कोणाला सव्वाशे, कोणाला तीनशे वर्षं झाली,’ तुम्ही म्हणालात, ‘त्यांचं नावही तुम्ही ऐकलेलं नाही, आणि सोलापुरात बसून त्यांचीच वाक्यं बोलता आहात.’ मग माझ्याकडे बोट केलंत. मी उठून म्हणाले, ‘काम मिळत नाही म्हणून, सर.’ तुम्ही म्हणालात, ‘हे कोणीही म्हणेल. काम का मिळत नाही ते सांग.’ मला सांगता आलं नाही. मी उभीच राहिले. तास संपेपर्यंत तुम्ही मला बस म्हणाला नाहीत.

त्या रविवारी तुम्ही मला घरी बोलावलंत. तुमच्या व्हरांड्यात बसवून एक पान मोठ्याने वाचायला लावलंत. माझे उच्चार ऐकून माई आत हसल्या, आणि तुम्ही त्यांना तिथूनच गप्प केलंत. त्यानंतर दोन वर्षं दर रविवारी सकाळी मी येत राहिले. फ्रान्सच्या राजाचा तो वैद्य, ज्याला देशातली संपत्ती अंगातल्या रक्तासारखी फिरताना दिसली. स्कॉटलंडचे ते मास्तर, ज्यांनी टाचण्यांच्या कारखान्यात उभं राहून एका माणसाच्या कामाचे अठरा तुकडे मोजले. लंडनचा तो शेअर दलाल, ज्याला सगळं जग गणितासारखं सुटत गेलं. तुम्ही त्यांच्याविषयी असं बोलायचात, जणू ती माणसं पलीकडच्या गल्लीत राहतात आणि संध्याकाळी फिरायला येतात. वाचून झालं की माई भाकरी आणि शेंगाची चटणी द्यायच्या. माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा काळ कुठला, असं कोणी विचारलं तर मी तो व्हरांडा सांगेन. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्ही पुरावा मागितला असता.

आणि त्याच वर्षी तुम्ही माझ्या घरी वर्ग आणलात.

इंग्लंडातल्या हातमागाच्या विणकरांचं प्रकरण चालू होतं. यंत्रमाग आले आणि ते विणकर कसे संपले, ते तुम्ही शिकवत होता. मध्येच थांबून मला विचारलंत, ‘तुझे वडील हातमागावर बसतात ना? उद्या आम्ही सगळे येतो.’ मी हो म्हणाले. मला अभिमान वाटला, सर. मी तेव्हा वीस वर्षांची होते.

नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पहाटे उठून खोली सारवली. अम्मा मी शाळेत असतानाच गेली होती, त्यामुळे सगळं त्यांनीच केलं. शेजारून बाकडी आणली, पांढरं धोतर नेसले, टोपी घातली. आमची खोली एकच. निम्म्या खोलीत माग. दारात पंधरा मुलं-मुली दाटीवाटीने उभी राहिली. नाना खड्ड्यात पाय सोडून मागावर बसले आणि तुम्हाला दिसावं म्हणून विणायला लागले. सुतामधून धोटा इकडून तिकडे जाऊ लागला. तुम्ही बोलायला सुरुवात केलीत आणि मग हाताने त्यांना थांबायची खूण केलीत, कारण आवाजामुळे तुमचं बोलणं मुलांना ऐकू जात नव्हतं. नाना थांबले. हात मांडीवर ठेवून, हसऱ्या तोंडाने तुमच्याकडे बघत बसले.

तुम्ही इंग्रजीत म्हणालात, ‘या माणसाकडे नीट बघून घ्या. हा कुशल आहे, प्रामाणिक आहे, दिवसाचे बारा तास राबतो. आणि बाजाराला याची गरज नाही. हा जास्तीचा माणूस आहे. याची दया करू नका. दयेने हा वाचणार नाही, फक्त हळूहळू मरेल. याला जो मदत करील तो याचा शत्रू. दहा वर्षांनी हे इथे नसेल, आणि नसावं हेच बरं.’

मागच्या एका मुलाने विचारलं, ‘मग यांनी काय करावं, सर?’

‘विणकर असणं सोडावं. जे यांना जमणार नाही ते यांच्या मुलांना जमेल,’ तुम्ही म्हणालात आणि माझ्याकडे पाहिलंत. मुलं लिहून घेत होती. मीही लिहून घेत होते. वही माझ्या हातात होती, सर. माझ्या घरात, माझ्या बापासमोर उभी राहून मी ते लिहून घेतलं.

सगळे बाहेर पडायला लागले तेव्हा नानांनी मला तेलुगूत विचारलं, ‘सर काय म्हणाले?’

मी म्हणाले, ‘एवढं बारीक काम आता कुठे बघायला मिळत नाही, असं म्हणाले.’

नानांनी खड्ड्यातून पाय वर घेतले, दारापर्यंत आले आणि तुम्हाला दोन्ही हात जोडून म्हणाले, ‘सर, तुमी आलात, लई बरं वाटलं बगा. परत या की.’ तुम्ही मान हलवलीत. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मला विचारलंत, ‘काल वडिलांना काय सांगितलंस?’ मी सांगितलं. तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, ‘वाईट भाषांतर. जमत नसेल तर करू नये.’

परीक्षेत तोच प्रश्न आला. मी नानांचं नाव न घेता आठ पानं नानांवर लिहिली. विद्यापीठात पहिली आले. एम.ए. झाल्यावर आपल्याच कॉलेजात जागा निघाली. विणकराच्या पोरीच्या तासाला मुलं बसणार नाहीत, असं मुलाखतीत कोणीतरी म्हणालं. तुम्ही टेबलावर हात आपटून म्हणालात, ‘या खोलीत जेवढे बसलेत त्यांत पुस्तकं वाचलेली ही एकटी आहे. मला धरून.’ ही नोकरी तुमची आहे, सर. अंगावरची साडीसुद्धा.

आता माझ्या एका वाक्याचं काय झालं ते सांगते. तुम्हाला त्यातलं निम्मं माहीत होतं.

आमच्या गल्लीत यंत्रमाग आले. आधी टोकाच्या घरात चार, मग समोरच दहा. समोरच्या शेडचा मालक नानांना ओळखत होता. घरी येऊन म्हणाला, ‘तुमच्यासारखा जाणकार माणूस पाहिजे. जॉबर म्हणून या, माग तुम्हीच बघायचे.’ नाना हसले. म्हणाले, ‘कॉलेजचे सर सगळा वर्ग घेऊन माझं काम बघायला आले होते. तुमच्या मशीनकडे कोण आलंय का?’ मी तिथेच बसून उद्याच्या तासाची तयारी करत होते. एक वाक्य बोलायचं होतं. नाना, सर तसं म्हणाले नव्हते. एवढंच. मी पान उलटलं.

तुम्ही शिकवलेलं सगळं मला पाठ होतं. मी नंतर नानांना सांगून पाहिलं, काळ बदललाय, हातमागाचं आता काही खरं नाही. तुमचेच शब्द होते, फक्त तेलुगूत. ते म्हणायचे, ‘तुला कळतं की तुझ्या सरांना?’ ते उत्तर मीच त्यांच्या तोंडात घातलं होतं. तीन वर्षं ते असेच बसले. लुगडी विणून घडी करून ठेवायची. न्यायला येणारे येईनासे झाले. एके दिवशी नाना कोणाला न सांगता समोरच्या शेडमध्ये गेले. जॉबरच्या जागेवर एक तरणा माणूस आला होता. नानांना कांड्या भरायला बसवलं. पोरीबाळींच्या रांगेत, सूत गुंडाळायला. मी म्हणाले, मी कमावतेय ना, घरी बसा. म्हणाले, बसायला माग लागतो.

माग त्यांनी स्वतःच मोडला. लाकूड बंबाखाली घातलं. त्या मागावर आम्ही जवळपास सहा महिने अंघोळी केल्या.

त्याच सुमारास कॉलेजच्या ग्रंथालयात त्या शेअर दलालाचं जाडजूड पुस्तक माझ्या हाती लागलं. ते मी तुमच्याकडे वाचलं होतं, पण तुमच्या प्रतीत. ही प्रत नंतरच्या आवृत्तीची होती आणि तीत यंत्रांवर एक प्रकरण जास्तीचं होतं. तुमच्या वर्गात आम्ही शिकलो होतो की यंत्रं आली तरी शेवटी मजुराचं भलंच होतं, असं त्याचं ठाम मत. इथे त्याने उघड लिहिलं होतं की माझं चुकलं. यंत्र मजुराच्या मुळावर येऊ शकतं, आणि मजुरांना तसं वाटतं तो त्यांचा अडाणीपणा नव्हे. मी उभ्यानेच वाचत होते.

मी सरळ तुमच्याकडे आले. तुम्ही पेपर तपासत होता.

‘सर, ते प्रकरण तुम्ही का शिकवलं नाहीत?’

‘कुठलं?’

‘त्याने मत बदललं ते.’

तुम्ही मान वर न करता म्हणालात, ‘परीक्षेला नव्हतं.’

‘माझ्या घरात होतं.’

मग तुम्ही पेन खाली ठेवलंत. ‘माणसाने मत बदललं म्हणून आधीचं खोटं ठरत नाही, सरोजा. आणि नंतरचं खरंही ठरत नाही. उतारवयात माणूस मऊ होतो.’

‘पन्नाशीचाही नव्हता, सर.’

तुम्ही पुन्हा पेन उचललंत. पुढे कितीतरी वेळा मी तो विषय काढला. प्रत्येक वेळी तुम्ही म्हणायचात, नंतर बोलू. तो वाद तसाच राहिला. तो माझा होता आणि मी जिंकत होते, म्हणून जास्त लागतं.

पुढच्या वर्षी अभ्यासक्रमाच्या समितीवर माझी नेमणूक झाली. तुमच्या पेपरला तेव्हा तीनच विद्यार्थी होते. तो पेपर काढून संख्याशास्त्र आणावं, असा ठराव मी मांडला. तुम्हाला निवृत्त व्हायला एक वर्ष होतं. तेवढं थांबता आलं असतं. तुम्ही माझ्या टेबलाशी येऊन विचारलंत, ‘कोणी मांडला?’

‘मी.’

‘कारण?’

‘मागणी नाही, सर. मागणी नसलेली गोष्ट दया करून चालवू नये.’

तुमचा चेहरा मी अजून विसरले नाही. मला वाटलं तुम्ही चिडाल. तुम्ही म्हणालात, ‘मांडणी चांगली आहे,’ आणि गेलात. शेवटचं वर्ष तुम्ही पहिल्या वर्षाच्या मुलांना टक्केवारी शिकवलीत. मी व्हरांड्यात येणं बंद केलं.

आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात तुम्हाला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं. मी एकदा येऊन गेले, फळं ठेवली, निघाले. नाना मात्र ऐकल्यापासून अस्वस्थ होते. सुट्टीच्या दिवशी तुमच्याकडे गेले आणि मग दर सुट्टीला जायला लागले. तुम्हाला उचलून मोरीत नेत, अंघोळ घालत, नखं काढत, तेल लावून तो लुळा हात चोळत बसत. माई म्हणायच्या, पाठचा भाऊ असं करणार नाही. मला ठाऊक होतं ते का करतात. त्यांच्या कामाला एकाच शिकलेल्या माणसाने चांगलं म्हटलं होतं, आणि तो माणूस तुम्ही होता.

मग तो दिवस. मी नव्हते. माईंनी सांगितलं.

नाना तुमचा हात चोळत होते. म्हणाले, ‘सर, एक इचारू का? त्या दिवशी तुमी घरी आलता, तवा इंग्रजीत बोललात. पोरगी म्हनली, असं काम कुटं दिसत न्हाय म्हनून. ते एकदा मराठीत सांगा की. तुमच्या तोंडनं ऐकावं वाटतंय.’

तुमच्या तोंडून तेव्हा एकेक शब्द ओढून काढावा लागत होता. खोकला आला म्हणता आलं असतं. झोपलात असं दाखवता आलं असतं. ‘हो’ म्हटलं असतंत तरी पुरे होतं, एकच अक्षर. तुम्ही पाव तास घेतलात आणि सगळं सांगितलंत. जास्तीचा माणूस. दया करू नका. इथे नसावं हेच बरं. माई म्हणत होत्या, ‘अरे दादा, पुरे.’ तुम्ही डाव्या हाताने त्यांना गप्प केलंत आणि राहिलेलं वाक्य पुरं केलंत.

नानांनी ऐकून घेतलं. राहिलेला हात चोळून झाला, तेलाच्या बाटलीचं बूच लावलं आणि घरी आले. आम्ही घरात तेलुगूच बोलतो. त्या दिवशी ते माझ्याशी मराठीत बोलले, परक्याशी बोलावं तसं. ‘सरांचं काय खोटं न्हाय. तुजं हाय.’

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तुमच्याकडे आले. माई बाजारात गेल्या होत्या. तुम्ही खुर्चीत होता.

‘का सांगितलंत?’

‘त्याने... विचारलं.’

‘एवढं एक खोटं बोलला असतात तर काय झालं असतं?’

तुम्ही डाव्या हाताने माझ्याकडे बोट केलंत. ‘तू... बोललीस की. काय... झालं?’

माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, ‘मग तुम्हीच सांगा, सर, आता तुमची कोणाला गरज आहे? तुमच्या हिशेबाने माई तुमच्या शत्रू आहेत. माझे वडील तुमचे शत्रू आहेत. तुम्ही इथे नसावं हेच बरं.’

तुमचा उजवा डोळा पाणावला होता. तो आजाराने नेहमीच पाणावलेला असायचा, म्हणून मला काही ठरवता येत नाही. तुम्ही म्हणालात, ‘आज... नीट मांडलंस.’ आणि सांगायला शरम वाटते सर, पण मला बरं वाटलं. पायऱ्या उतरून फाटकाशी येईपर्यंत मला, तुमच्याकडून शाबासकी मिळाली म्हणून, बरं वाटत होतं.

तुम्हाला पाणी हवं होतं का, तेही मी विचारलं नाही. तांब्या तुमच्या लुळ्या बाजूला होता.

मला वाटलं नाना आता तुमच्याकडे जाणार नाहीत. पुढच्या सुट्टीला ते तेलाची नवी बाटली घेऊन निघाले. त्याच्या पुढच्याही. तुम्ही गेलात त्या दिवशी त्यांनी शेडमध्ये खाडा केला, तुम्हाला शेवटची अंघोळ त्यांनीच घातली, खांदा दिला. खरं बोलणाऱ्या माणसाला ते शेवटपर्यंत खांदा देऊन आले. घरी आले तेव्हा मी बंब पेटवून ठेवला होता. त्यांनी शेजारच्यांकडून पाणी मागून घेतलं आणि अंगणात अंघोळ केली.

त्या मराठी वाक्यानंतर ते माझ्याशी बोललेले नाहीत. मी ताट वाढते, ते जेवतात. मीठ हवं असलं तर दारात जाऊन शेजारच्या बाईंना हाक मारतात. जिथे माग होता त्या जागेत ते झोपतात, भिंतीकडे तोंड करून. मी मोठं घर घेऊ शकते. पण एकाच खोलीत आहेत तोवर निदान त्यांचा श्वास ऐकू येतो.

तुम्ही गेल्यावरही ते सुट्टीला माईंकडे जातात. काही आणून देतात, अंगण झाडतात, व्हरांड्यात बसतात. काल माई मला कॉलेजच्या रस्त्यावर भेटल्या. खूप दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं. म्हणाल्या, ‘तुझे वडील किती बोलतात गं! तुझ्या अम्माचं काय सांगतात, तू लहानपणी धोटा पळवायचीस ते काय सांगतात. माझा तर वेळ बरा जातो. घरीही असेच बोलतात का?’

मी म्हणाले, ‘हो, माई. घरी तर विचारायलाच नको.’